मिक्सरचं भांडं उलटं करून बघा

मिक्सर बंद पडला की घरातले सगळे एकच निदान करतात: मोटर गेली. कोल्हापुरात माझं घरगुती उपकरणं दुरुस्त करायचं दुकान आहे, आणि माझ्या टेबलावर उघडले जाणारे बरेचसे मिक्सर मोटरच्या दोषाने आलेले नसतात. भांड्याच्या बुडातून पाणी झिरपतं, ते खालच्या कपलरवर (मोटर आणि पातं जोडणाऱ्या दातेरी चकतीवर) पडतं, दांड्यावरून मोटरच्या वरच्या बुशात (दांडा ज्यात फिरतो त्या नळीत) उतरतं, तिथे गंज धरतो. मग मोटर जड फिरायला लागते, तापते, आणि एखाद्या रविवारी पांढऱ्या रश्श्याचं वाटण अर्ध्यावर असताना जळका वास येतो. हे एका दिवसात होत नाही. मधल्या काळात कुणी भांडं उलटं करून बघितलं असतं तर रबराच्या एका सीलवर काम भागलं असतं.

तेव्हा मिक्सर साफ करणं म्हणजे मोटरची वरची पेटी फडक्याने चकाचक करणं, हे डोक्यातून काढा. पेटी पुसायला दोन मिनिटं लागतात, ते पुढे सांगतोच. खरं लक्ष भांड्याकडे हवं. आणि हे सगळं आपल्या नेहमीच्या मिक्सरबद्दल आहे, खाली मोटर आणि वर स्टीलची दोन-तीन भांडी असलेल्या. केक करणाऱ्यांचा उभा मिक्सर निराळा. त्याची मोटर वरच्या डोक्यात असते, तो गिअरवर चालतो, त्याचे आजारही वेगळे.

धुताना

वाटण काढलं की भांडं लगेच धुवायला घ्या. पहिल्यांदा साधं पाणी घालून हलवायचं, ते पाणी आपल्याकडे रश्श्यात किंवा आमटीत जातंच, वाया जात नाही. मग भांड्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. एकच. जास्त घातलात तर फेस झाकणातून वर येऊन मोटरवर उतरेल. झाकणावर हात ठेवून बटण डावीकडे इन्चरवर (धरून ठेवलं तेवढंच चालतं त्या बाजूला) तीन-चार वेळा टकटक फिरवा. पातं स्वतःलाच घासून घेतं. पाणी कोमटच हवं. उकळतं पाणी बंद भांड्यात फिरवलं की वाफ कोंडते आणि झाकण उडतं. तोंडावर, हातावर भाजून घेतलेली माणसं मिक्सर घेऊन आलेली मी पाहिली आहेत. गरम टोमॅटो, गरम डाळ यांनाही हाच नियम लावा.

एवढ्याने वरची बाजू साफ होते. पात्याच्या खालची होत नाही. पातं आणि भांड्याचा तळ यांच्यामध्ये बोटभरही जागा नसते, आणि तिथेच सगळं अडकतं. कोथिंबिरीच्या देठांचे धागे, मिरचीची साल, आल्याच्या शिरा दांड्याला गुंडाळून बसतात. वरून बघितलं तर दिसत नाही. भांडं खिडकीकडे तिरकं धरलं की दांड्याभोवती हिरवट काळी दोरी वळल्यासारखी दिसते. ती तशीच राहिली की तिच्यात ओल धरते, वास येतो आणि हळूहळू ती सीलच्या कडेत घुसून सील कापते. लांब दांड्याचा बारीक ब्रश आणा, बाटली धुवायचा चालतो, टूथब्रशही चालतो. बोट घालू नका. पात्याची धार तुमच्या डाळीला पुरत नसेल, पण बोटाला पुरते.

मग भांडं उलटं करा. खाली मधोमध कपलर असतो आणि त्याच्याभोवती वाटीसारखा खळगा. ह्या खळग्यात काय काय असतं ते एकदा बघाच. वाळलेली चटणी, डोशाच्या पिठाची खपली, त्यात चिकटलेला एखादा केस. भांडं मोटरवर ठेवलं की हे सगळं मोटरच्या तोंडावर येऊन बसतं. टूथब्रशने घासा, धारेखाली धरा, पुसा, आणि भांडं कपलर वर येईल असं पालथं न घालता आडवं कलतं ठेवा. पालथं घातलं तर धुतल्यावर खळग्यात साचलेलं पाणी तिथेच राहतं आणि दांड्यावरून बुशात मुरतं.

रात्रभर भिजत घालू नका. हे एक वाक्य पाळलंत तर माझ्याकडचे फेरे निम्मे होतील. भांड्यात पाणी भरून ओट्यावर ठेवणं आणि सकाळी बाईंनी धुणं, ही पद्धत अनेक घरांत आहे. पाणी रात्रभर सीलवर उभं राहतं, बुशातलं तेल निघून जातं, दांडा गंजतो. आठ-पंधरा दिवस मिक्सर वापरला नाही की पातं जागचं हलत नाही. अशा अडकलेल्या पात्यावर थेट मोटर चालवली की मोटर नुसती घुमते आणि कपलरचे दात जातात. पातं अडकलं असेल तर वरून दांड्याच्या मुळाशी आणि खालून कपलरच्या मुळाशी खायच्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडा, तासभर थांबा, मग खालचा कपलर हाताने मागे-पुढे फिरवा. मोकळं फिरेपर्यंत मोटरवर ठेवू नका. कुलपाला मारतो तो फवारा इथे नको, ह्या भांड्यातलं तुम्ही खाता.

स्टीलचं भांडं म्हणून मीठ-चिंचेची चटणी त्यातच ठेवून फ्रीजमध्ये सरकवणारेही आहेत. स्टील गंजत नाही असं म्हणतात ते आंबट-खारट फार वेळ अंगावर राहिलं नाही तोवर. मिठाने स्टीललाही बारीक खड्डे पडतात. आणि ज्या भांड्यांचं बूड अॅल्युमिनियमचं असतं ते चिंचेने, ताकाने पांढरं फटक पडून भुसभुशीत होतं. डिशवॉशर असेल तर त्यात झाकण घाला, भांडं हातानेच धुवा. त्यातल्या पावडरीने अॅल्युमिनियम काळं पडतं आणि कडक गरम पाण्याने रबर लवकर ताठ होतं.

झाकणाची रबरी रिंग आठवड्यातून एकदा काढा. सुरीच्या टोकाने नको, चमच्याच्या मागच्या टोकाने उचका. आतल्या खाचेत काळी बुरशी सापडली तर दचकू नका, ती सगळ्यांच्याच घरी असते. रिंग कोमट साबणपाण्यात दहा मिनिटं ठेवा, खाच ब्रशने घासा, पुसून वाळवा, मग बसवा. रिंग ढिली झाली, ताणून लांबली किंवा कडक होऊन चिरली तर नवी घ्या. ही मिक्सरमधली सगळ्यात स्वस्त वस्तू आहे आणि लोक सगळ्यात जास्त चालढकल हिच्याचबाबत करतात.

डाग आणि वास

पारदर्शक झाकण हळदीने पिवळं झालं तर घासून उपयोग नाही, नुसते चरे पडतात. धुवून उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, दोन-तीन दिवसांच्या उन्हात बराच उतरतो. लसणाचा वास जात नसेल तर मूठभर कोरडे तांदूळ भांड्यात फिरवून काढा. ते पीठ वास आणि तेलकटपणा दोन्ही ओढून घेतं. सुकं खोबरं, तीळ किंवा दाण्याचं कूट केल्यानंतरही हाच उपाय, कारण तेलकट भांडं थेट पाण्याखाली धरलं की तेल नुसतं पसरतं. तांदळाऐवजी चमचाभर बेसन टाकून कोरड्या फडक्याने पुसलं तरी चालतं.

आणि हो, जाडं मीठ फिरवलं की पात्याला धार लागते, अंड्याची टरफलं फिरवली की धार लागते, असं सगळीकडे सांगितलं जातं. मी धार लागलेली पाहिलेली नाही. मिठाने पात्यावरचा चिवट थर निघतो, पातं मोकळं होतं आणि त्यामुळे ते बरं चालल्यासारखं वाटतं. थर काढायला फिरवायचं तर फिरवा, पण लगेच दोन पाण्यांनी धुवा. मीठ तसंच राहिलं तर काय होतं ते वर सांगितलंच. खरोखर बोथट झालेलं पातं बदलून घ्यावं. दगडावर धार लावून देणारेही आहेत, पण घासताना दोन बाजू कमी-जास्त झाल्या की पातं तोल सोडून फिरतं, भांडं थरथरतं आणि बुश झिजतो.

गळतीची परीक्षा

महिन्यातून एकदा हे करा. ओट्यावर वर्तमानपत्राची घडी ठेवा, भांडं स्वच्छ पुसून त्यात अर्ध्यापर्यंत पाणी भरा आणि कागदावर पंधरा मिनिटं ठेवा. कागद कोरडा राहिला तर ठीक. मधोमध ओला डाग उमटला तर पाणी दांड्याच्या सीलमधून येतंय. कडेला उमटला तर बुडाचा जोड सुटलाय. दोन्हींत ते भांडं त्या दिवसापासून मोटरवर ठेवायचं नाही, दुरुस्त होईपर्यंत.

पाणी ओतून टाकल्यावर भांडं आडवं धरा आणि कपलर चिमटीत पकडून बाजूला हलवून बघा. किंचित खेळतो, ते चालतं. लडबडला, टकटक वाजला तर बुश झिजलाय. झिजलेल्या बुशाची आणखी एक खूण आहे. पांढरं खोबरं वाटलं की तळाशी पात्याभोवती राखी रंगाची रेघ येते, बोटाला काळपट तेलकट लागतं. गिऱ्हाईक म्हणतं, "दादा, खोबरंच जुनं असंल." खोबरं नवं असतं. तो झिजलेल्या धातूचा आणि जुन्या तेलाचा काळा असतो, आणि तो तुमच्या चटणीत उतरतोय. अशा भांड्याचं बुश, दांडा आणि सील एकदमच बदला, एकेक बदलण्यात अर्थ नाही. झिजलेल्या दांड्यावर नवं सील चार दिवस टिकतं.

मोटरची पेटी

आधी पिन काढा. नुसतं बटण बंद करून पुसू नका. फडकं ओलं करून घट्ट पिळलेलं हवं. भांडं बसतं त्या खळग्यात वाटणाचे थेंब वाळून बसलेले असतात. ते खरवडू नका, ओलं फडकं पाच मिनिटं तिथेच ठेवा, मऊ पडले की ब्रशने निघतात. खळग्याला एक छोटं भोक असतं. बऱ्याच मिक्सरमध्ये ते सांडलेलं पाणी बाहेर सोडण्यासाठीच ठेवलेलं असतं, पण पीठ आणि चटणीने ते बुजलेलं असतं. दातकोरण्याने मोकळं करा. बटणाच्या भोवतीची फट कोरड्या ब्रशने. वायर पुसताना ती कुठे कडक झालीय, चिरलीय का ते बोटांना कळतं. पिनेपाशी आणि पेटीत शिरते तिथे मुद्दाम बघा. वायर पेटीभोवती आवळून गुंडाळायची सवय असेल तर तिथेच आतली तार तुटते.

मग मिक्सर आडवा करून बूड बघा. तिथल्या फटींतून मोटर हवा ओढते. मिक्सर पुसायच्या फडक्यावर, प्लास्टिकच्या कागदावर किंवा जाड मॅटवर ठेवणारे खूप. ओट्याला डाग पडू नये म्हणून केलेली ही काळजी मोटरचा श्वास कोंडते. फरशीवर, उघड्या ओट्यावर ठेवा. रबरी पाय गेले असतील तर नवे लावा, म्हणजे तो सरकणारही नाही आणि खालून हवाही खेळेल.

ह्याच फटींतून झुरळं आत जातात. आत ऊब असते, खायला पीठ असतं. उघडल्यावर वाइंडिंगवर (मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्यांवर) झुरळांची अंडी चिकटलेली दिसणं हे माझ्यासाठी नवीन नाही. घरात झुरळं असतील तर मिक्सर ओट्याखालच्या कपाटात नको, वर मोकळ्यावर ठेवा. आणि काहीही झालं तरी झुरळ मारायचा फवारा त्या फटींत मारू नका. त्यात पेट घेणारा वायू असतो आणि ह्या मोटरमध्ये चालताना ठिणग्या उडतात. फवारा मारून लगेच बटण फिरवलं तर काय होईल ते सांगायला नको.

तापणं

मिक्सरच्या बुडाला एक पट्टी चिकटवलेली असते. ५०० वॅट, ७५० वॅट असं त्यावर लिहिलेलं तुम्ही घेताना वाचलेलं असतं. त्याच्याच शेजारी वेळ लिहिलेली असते, ती कुणी वाचत नाही. बहुतेकांवर ३० मिनिटं, त्यात ५ मिनिटं चालू आणि २ मिनिटं बंद, अशा अर्थाचं असतं. म्हणजे ही मोटर सतत चालायला बनवलेलीच नाही. मोकळी फिरताना ती मिनिटाला १८-२० हजार फेरे घेते. एवढा वेग आणि एवढ्याशा पेटीत ती उष्णता. गिरणीची मोटर तिच्या दसपट मोठी असून दिवसभर चालते, कारण ती त्यासाठीच बनलेली असते.

आपलं वाटण मुळात मिक्सरची परीक्षाच घेतं. मुंबईच्या सत्यप्रकाश माथूर यांनी १९६०च्या दशकात 'सुमीत' मिक्सर काढला तोच मुळी घरचा जर्मन बनावटीचा मिक्सर आपल्या वाटणापुढे टिकला नाही म्हणून. तेव्हापासून मोटर दणकट झाल्या, पण आपलं समाधान होत नाही. भिजवलेली उडीद डाळ भांडंभर, पाणी दोन चमचे, आणि बटण थेट तीनवर. असं करू नका. भांडं अर्ध्यापर्यंत, फार तर दोन तृतीयांश भरा. पाणी थोडं थोडं घाला. एकवर सुरू करा, पातं मोकळं फिरायला लागलं की दोनवर, मग तीनवर. पातं वर पोकळीत फिरतंय आणि डाळ कडेला चिकटलीय असं दिसलं तर बंद करून चमच्याने खाली सारा. चालू ठेवून वाट बघण्यात मोटर नुसती तापते. दाण्याचं कूट तर इन्चरवरच करायचं, दोन सेकंद, थांब, दोन सेकंद. सलग फिरवलं की तेल सुटून गोळा होतो आणि तो गोळा पात्याखाली जाऊन बसतो.

काही गोष्टी मिक्सरला देऊच नका. अख्खं हळकुंड, ढेपेवरचा गुळाचा खडा, फ्रीजरमधून काढलेला दगडासारखा चटणीचा गोळा. सुंठ, हळकुंड खलबत्त्यात ठेचून मग घाला. पुरण गरम असताना पुरणयंत्रातूनच काढा, मिक्सरमध्ये ते पात्याला लगदा होऊन चिकटतं. आणि उन्हाळ्यात वर्षाचा कांदा-लसूण मसाला घरच्या मिक्सरवर करायचा हट्ट करू नका. त्यासाठी डंक आहेत. एप्रिल-मेमध्ये माझ्याकडे जळालेले मिक्सर येतात त्यांच्या फटींतून लाल तिखट गळत असतं, ते उघडताना मलाच शिंका आवरत नाहीत.

मिक्सर चालता चालता एकदम थांबला, आवाज नाही, काही नाही, तर घाबरू नका. पेटीच्या खाली किंवा मागे एक छोटं, बहुधा लाल, बटण असतं. मोटरवर ताण आला की ते आपोआप बाहेर येऊन वीज तोडतं. पिन काढा, भांड्यातलं थोडं कमी करा, पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ द्या, मग ते बटण दाबा. "बंद पडला" म्हणून आलेल्यांपैकी कितीतरी मिक्सर मी हे बटण दाबून परत देतो. पैसे घेत नाही, पण मनात येतं. मात्र हेच बटण रोज उडत असेल तर सारखं दाबत बसू नका, काहीतरी जड फिरतंय.

गावाकडे संध्याकाळी विजेचा दाब कमी असला की मिक्सर मंद फिरतो आणि लवकर तापतो. घरातला पंखा मंद फिरत असेल तेव्हा डोशाचं पीठ वाटायला घेऊ नका.

आवाजावरून ओळखा

मोटर चालतेय, पातं फिरत नाही, आणि खालून कर्रर आवाज येतो: कपलर. भांडं उचला, मोटरच्या कपलरभोवती काळी पूड पडलेली दिसेल आणि दात गोल झालेले दिसतील. कपलर मुद्दाम रबर-प्लास्टिकचा केलेला असतो, काही अडकलं तर त्याने तुटावं आणि मोटर वाचावी म्हणून. तो तुटला याचं वाईट वाटून घेऊ नका. पण तो दर दोन महिन्यांनी जात असेल तर मोटर थांबायच्या आत तुम्ही भांडं उचलता. बटण शून्यावर आल्यावर पातं दोन सेकंद फिरत असतं, तेवढं थांबा. दोन्हीकडचे कपलर, भांड्याचा आणि मोटरचा, एकमेकांना झिजवतात. मोटरचा नवा घातला आणि भांड्याचा जुना गोल दातांचाच राहिला तर नवाही लवकर जातो.

नुसता घुमतोय, फिरत नाही: लगेच बंद करा. भांडं काढून कपलर हाताने फिरवा. भांड्याचा अडकत असेल तर तेलाचा उपाय वर आहे. मोटरचा अडकत असेल तर बुश जाम झालाय, दुकान गाठा.

थांबत थांबत चालतो, पेटीवर थाप मारली की सुरू होतो: कार्बन झिजलेत. मोटरच्या दोन बाजूंना कार्बनच्या दोन कांड्या असतात, त्या फिरणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर घासून वीज आत पोचवतात, म्हणून झिजणारच. फटीतून बघितलं तर बारीक निळसर ठिणग्या दिसतात, त्या नेहमीच्या. नारिंगी रिंगण दिसायला लागलं तर कार्बन बदला. लांबणीवर टाकलंत तर तांब्याच्या पट्ट्या जळतात आणि काम कार्बनवरून आर्मेचरवर, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागावर, जातं. कार्बन दोन्ही एकदम बदलायचे, मापाचेच घालायचे. दुसऱ्या मापाचा घासून बसवलेला कार्बन चालतो, पण थोडे दिवस.

नव्या मिक्सरला पहिल्या काही वेळा गरम वार्निशसारखा वास येतो. तो जातो. जुन्या मिक्सरला तोच वास आला तर तो वाइंडिंगचा आहे आणि जाणार नाही.

हात लावल्यावर मुंग्या आल्या तर त्याच क्षणी पिन काढा आणि परत लावू नका. तीन पिनांतली जाड पिन अर्थिंगची. ती कापून दोन पिनांच्या बोर्डात घालणारे हुशार लोक मी पाहिले आहेत.

कपलर घरी बदलायचा असेल तर

बदलता येतो. पिन काढा. मिक्सर आडवा करून बुडाचे स्क्रू काढा. दांड्याचं खालचं टोक दिसेल, बऱ्याच मिक्सरमध्ये त्यात स्क्रू ड्रायव्हर बसेल अशी खाच असते. एका हाताने ते टोक धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने वरचा कपलर पक्कडीने फिरवा. इथे लोक फसतात. मोटर ज्या दिशेला फिरते त्याच दिशेला फिरवला की कपलर सुटतो. उलट दिशेला जोर लावलात तर तो आणखी आवळतो आणि आटे जातात. म्हणून पिन काढायच्या आधीच भांडं न ठेवता क्षणभर इन्चरवर फिरवून दिशा बघून ठेवा. भांड्यातलं पातं काढतानाही हाच हिशेब. कपलर काढल्यावर खाली वायसर (वॉशर) असतात, ते कोणत्या क्रमाने होते त्याचा मोबाइलवर फोटो काढा. कपलरच्या खाली पाणी अडवणारी रबरी चकती असते, ती हमखास टेबलावर विसरते आणि मग पाणी सरळ मोटरमध्ये जातं. नवा कपलर घ्यायला जाताना जुना खिशात घालून न्या. मॉडेलच्या नावावर विश्वास ठेवू नका, एकाच नावाखाली दात वेगळे निघतात.

पाणी आत गेलं तर

भांडं गळून किंवा ओतू जाऊन पाणी पेटीत गेलं तर चालू करून बघायचा मोह टाळा. पिन काढा, मिक्सर आडवा-उलटा करून पाणी निथळू द्या, मग कडक उन्हात दोन दिवस ठेवा. हेअर ड्रायरची झोत नको, प्लास्टिक वाकतं आणि आतली ओल निघत नाही. पावसाळ्यात ऊन नसेल तर तसाच दुकानात आणा, आम्ही उघडून वाळवतो. दूध, ताक किंवा डोशाचं पीठ गेलं असेल तर नुसतं वाळवून चालत नाही, ते आत वाळून चिकटतं, उघडायलाच लागतं.

पावसाळ्यात मिक्सर बरेच दिवस पडून राहिला असेल तर वापरण्याआधी हाताने कपलर फिरवून बघा, मग रिकामा दोन-चार सेकंद इन्चरवर. कोरडं भांडं झाकण लावून ठेवू नका, आत कुबट वास धरतो. झाकण बाजूला, भांडं उघडं.

दुरुस्त करावा की नवा घ्यावा

कपलर, कार्बन, सील, बुश, बटण: ही सगळी दुरुस्तीची कामं, बिनधास्त करून घ्या. आर्मेचर किंवा फील्ड कॉइल (त्याच्याभोवतीचं न फिरणारं वेटोळं) जळली असेल तर आधी भाव विचारा आणि नव्याच्या किमतीशी ताडून बघा. रिवाइंडिंग, म्हणजे नवी तार गुंडाळून, देतात, पण तारेचा जाडपणा कमी घालून पैसे वाचवणारेही आहेत, आणि तसं आर्मेचर पहिल्या उडदाच्या डाळीला परत तापतं. ओळखीचा माणूस असेल तरच त्या वाटेला जा. जुना मिक्सर देऊन नवा घेताना भांडी मात्र देऊ नका असं सांगणारे भेटतील. तीही द्या. दुसऱ्या कंपनीच्या मोटरवर ती बहुधा बसत नाहीत, आणि बसवली तरी बहुधा कपलर जुळत नाही.